डीझेलकाका

रेल्वेवर जीव टाकणाऱ्यांमध्येही जातिभेद आहे. सगळ्यांत वर वाफवाले. त्यांच्याकडे शिट्टी आहे, धुराचे लोट आहेत, सिनेमातले निरोप आहेत, आणि थकलेल्या इंजिनाला चौथऱ्यावर बसवून हार घालणारं सरकारही आहे. विजेच्या इंजिनांचे भक्त संख्येनं कमी, पण भविष्यकाळ त्यांच्या बाजूचा. या दोघांच्या मध्ये डीझेल म्हणजे तीन भावांतला मधला भाऊ. थोरल्याचं कौतुक झालं, धाकट्याचे लाड झाले, आणि घर चालवलं यानं. मेल ओढली, मालगाडी ओढली, लग्नाची वऱ्हाडं आणि निवडणुकीच्या पेट्या ओढल्या. पण कुणी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला नाही.

या मधल्या भावाचं वकीलपत्र घेतलेले गृहस्थ कोलकात्यात, हाजरा रोडच्या आतल्या एका गल्लीत राहतात. महाराष्ट्र निवासातली मराठी मंडळी त्यांना डीझेलकाका म्हणतात, पाड्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, बंगाली डीझेलदा म्हणतात. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर आहे, आणि विजेचा उल्लेख त्यांना खपत नाही.

‘‘पण काका, डीझेल इंजिन तरी शेवटी विजेवरच चालतं ना? आत जनरेटर, खाली मोटरी...’’ असं एखादा शहाणा म्हणतोच. काका या प्रश्नाची वाट बघत बसलेले असतात.

‘‘चालतं ना! पण ते आपली वीज आपण कमावते. वरच्या तारेला लटकत नाही. कमावून खाणं वेगळं आणि लटकून खाणं वेगळं, बाप्पा!’’

बोली अजून शुद्ध नागपुरी. काकांचे आजोबा नागपूरहून बंगाल नागपूर रेल्वेच्या हिशेब खात्यात गार्डन रीचला आले. ही कंपनी १८८७ सालची. तिच्या नावातच दोन्ही गावं असल्यामुळे आपण गाव सोडलं असं आजोबांना कधी वाटलं नाही. पुढे कंपनीची दक्षिण पूर्व रेल्वे झाली, वडीलही तिथंच चिकटले. बंगाल्यांसमोर काका हा इतिहास आणखी मागे नेतात. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीनं कलकत्त्याच्या लोकांनी १७४२ साली गावाभोवती खंदक खणायला घेतला होता. खंदक काही पुरा झाला नाही आणि मराठेही तिथवर आले नाहीत. ‘‘आम्ही बंगालात दोनदा आलो,’’ काका सांगतात. ‘‘पहिल्यांदा विनातिकीट आलो, म्हणून गोंधळ झाला. दुसऱ्यांदा पासावर आलो.’’

तिसऱ्या पिढीचा पास मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांनी अडवला. काकांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं आलं, आणि इतरांना आकडे दिसले तिथं काकांना नुसतेच ठिपके दिसले. इंजिन चालवायचं राहिलं. मग डलहौसीच्या एका विमा कचेरीत हिशेब तपासत त्यांनी नोकरी काढली आणि पहिल्या पगारापासून घरात रेल्वे घातली. सिग्नल ते जागेवरून ओळखतात: तीन दिव्यांच्या खांबावर हिरवा सगळ्यांत वर, लाल सगळ्यांत खाली. ‘‘रंग पाहून काय करायचं? कोणता दिवा पेटला ते पाहायचं,’’ हे त्यांचं म्हणणं रेल्वेनं ऐकून घेतलं नाही एवढंच.

घर जुनं आहे. लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, हिरव्या झडपांच्या खिडक्या (हिरव्या हे काकूंच्या साक्षीवरून) आणि भाडं इतकं कमी की घरमालक ते न्यायला आले तर रिक्षाला जास्त पडावेत. अर्थात मालकांनी घर खाली करण्याचा दावा लावलेला आहे. दावा दोन्ही बाजूंच्या वडिलांनी सुरू केला होता. मुलांनी तो घरची रीत म्हणून चालू ठेवला. तारखेच्या दिवशी वादी आणि प्रतिवादी एकाच टॅक्सीनं कोर्टात जातात, कारण दोघांनाही परतताना चांदणी चौकातून बारीक वायर घ्यायची असते.

या घरात छातीच्या उंचीवर, भिंतीभोवती दीड फूट रुंदीची फळी फिरते. तीवर काकांचा लोहमार्ग. प्रमाण १:८७, ज्याला जगभर एचओ म्हणतात. हावडा ते नागपूर अख्खी लाइन घालायची काकांची मूळ योजना होती. पण ते अंतर ८७ नं भागलं तरी १३ किलोमीटर भरतं, म्हणजे गाडी गडियाहाटला सुटून दमदमच्या आसपास पोचली असती. तेव्हा काकांनी मन मोठं करून फक्त गोंदिया ते डोंगरगड एवढाच टप्पा घेतला. हॉलमध्ये गोंदिया जंक्शन. तिथून लाइन पॅसेजमधून निघते, देवघराची भिंत फोडून आत शिरते आणि देवांच्या मागून जाते. तो दरेकशाचा बोगदा. पलीकडं निजायच्या खोलीत डोंगरगड. काकू त्यामुळे रोज रात्री छत्तीसगडात झोपतात. डोंगरगडला टेकडीवर बम्लेश्वरीचं देऊळ आहे, ते काकांनी कपाटावर बांधून दिलं, तेव्हा कुठं त्या तिकडं झोपायला राजी झाल्या. अठरा डब्यांची गीतांजली एक्स्प्रेस या मापात पावणेपाच मीटर लांब होते. तिचं इंजिन गोंदियाच्या फलाटाला लागतं तेव्हा गार्डचा डबा अजून गणपतीच्या मागं असतो.

बोगद्यासाठी भिंत फोडली तेव्हा मालक तावातावानं वर आले. भिंत त्यांची होती. पण ते भोकाशी वाकले तेवढ्यात पलीकडून दिवा लावलेलं इंजिन आलं, त्यांच्या नाकाशी येऊन थांबलं आणि त्यानं हॉर्न दिला. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, ‘‘हे रोज किती वाजता येतं?’’ तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते हजर असतात. दाव्याच्या कागदांत भिंतीचं नुकसान नोंदलेलं आहे. त्या भोकाला वरून कमान काढायची कल्पनाही वादीचीच.

आता इंजिनांकडं वळू. काकांच्या शेडमध्ये राणी एकच: डब्ल्यूडीएम-२. अक्षरांचा अर्थ ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डीझेल, एम म्हणजे मालही ओढेल आणि माणसंही, आणि दोन म्हणजे दुसरा नमुना. मूळ घराणं अमेरिकेच्या आल्को कंपनीचं. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन ११२.८ टन. पहिली इंजिनं १९६२ साली जहाजानं आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या डीझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये तयार होऊ लागली. आल्को कंपनी १९६९ साली बुडाली, पण तिचं इंजिन वाराणसीत पुढं कित्येक वर्षं जन्म घेत राहिलं. अडीच हजारांहून जास्त झाली. ‘‘माहेर बुडालं, पण पोरीनं सासरी गोकुळ केलं,’’ हे सांगताना काकांना भरून येतं.

काकांची डब्ल्यूडीएम-२ एकोणीस सेंटिमीटर आणि सात मिलिमीटर लांब आहे. हे सात मिलिमीटर कुणी खाल्ले तर त्यांना जेवण जात नाही. खाली एका अमेरिकन आल्कोची चेसिस आहे, कारण तिच्या बोग्यांची तीन-तीन चाकं अशीच असतात: दोन जवळ जवळ आणि तिसरं जरा फटकून. वरचा सांगाडा प्लॅस्टिकच्या पत्र्यातून स्वतः कापलेला. रंगाची जबाबदारी काकूंची. प्रत्येक शेडची रंगाची तऱ्हा निराळी असे, आणि काकांना ती जुन्या फोटोंत दिसते पण कळत नाही. म्हणून ते विचारतात, ‘‘हा पट्टा तांबडा की हिरवा, पाहून सांगा जी.’’ काकू पाहून सांगतात. एकदा लग्नाच्या वाढदिवसाला काका बाहेर घेऊन गेले नाहीत, तेव्हा एक इंजिन पोपटी झालं. ते दोन वर्षं खरगपूर शेडच्या नावानं धावलं. बघणारे सगळे बंगाली सभ्य निघाले, कुणीही बोललं नाही.

मात्र काकांच्या आयुष्यातलं खरं दुःख याहून बारीक आहे: पावणेतीन मिलिमीटरचं. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो. तो ८७ नं गुणला की १४३५ येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेचा गेज. आपला ब्रॉडगेज १६७६. म्हणजे खरं पाहता काकांच्या रुळांमध्ये १९.३ मिलिमीटर अंतर हवं. पण तसे रूळ बाजारात मिळत नाहीत, आणि तसे केले तर अमेरिकन चाकं त्यांच्यावर बसत नाहीत. म्हणजे अख्खं ब्रॉडगेजचं इंजिन परक्या गेजवर पाय आखडून उभं आहे. पाहुण्याला हे कधीच दिसलं नसतं. काकाच त्याला खाली वाकायला लावतात, ती फट दाखवतात आणि म्हणतात, ‘‘पाहिलं? आता कोणाला सांगू नका.’’

या जातीचं हेच लक्षण आहे. यांची चूक दुसऱ्याला सापडत नाही, म्हणून हे स्वतःच ती घरोघर नेऊन दाखवतात. काकांच्या छपराला गळती आहे, दाराला कडी नाही, पासबुक तीन वर्षं भरलेलं नाही; यांतलं काहीच त्यांना टोचत नाही. टोचतात ते पावणेतीन मिलिमीटर.

कोलकात्यात कोणत्याही वादाला दोन पक्ष लागतात. मोहन बागान म्हटलं की ईस्ट बंगाल आलाच. काका आल्कोवाले आहेत हे कळल्यावर मालकांपुढं दुसरा मार्ग राहिला नाही. ते जनरल मोटर्सचे झाले. त्यांचं इंजिन डब्ल्यूडीएम-४. तेही १९६२ चं, तेही २६०० अश्वशक्तीचं. दोघांतून रेल्वेनं आल्को निवडलं, कारण आल्को आपली विद्या द्यायला तयार झाली. पण १९६९ साली देशातली पहिली राजधानी एक्स्प्रेस हावडा आणि नवी दिल्लीच्या दरम्यान सुरू झाली, ती ओढायला उभं राहिलं मालकांचं डब्ल्यूडीएम-४. आल्को बुडाली तेही नेमकं १९६९ सालीच. हा योगायोग मालक दर रविवारी चहाबरोबर काढतात. काका मग मालगाड्यांचा हिशेब मांडतात: एक राजधानी म्हणजे देश नव्हे. मालक म्हणतात, १९९९ साली जनरल मोटर्स ४००० अश्वशक्ती घेऊन परत आलीच ना? काका म्हणतात, आली, पण तिचा आवाज कुणी ऐकत उभं राहतं का? इथवर आलं की काकू मासे तळायला घेतात. ज्याची सरशी झाली असेल त्याप्रमाणे मेनू ठरतो. मालक जिंकले तर ईस्ट बंगालच्या रिवाजानं इलिश, काका जिंकले तर मोहन बागानच्या रिवाजानं कोळंबी. काकूंना कोळंबी जास्त आवडते, त्यामुळे निकाल बहुधा काकांच्या बाजूनं लागतो.

आवाज हे तर स्वतंत्र प्रकरण. आता प्रत्येक इंजिनात चिप असते, तिला नंबर असतो, हातातल्या यंत्रावरून तो नंबर लावला की तेवढंच इंजिन हलतं आणि पोटातल्या इवल्या स्पीकरमधून गुरगुरतं. काकांनी चिप घेतली, तीवर आल्कोच्याच इंजिनाचा आवाज होता. डोळे मिटून ऐकला. ‘‘इंजिन बरोबर आहे, हॉर्न अमेरिकन आहे,’’ ते म्हणाले. डोंगरगडच्या वळणावर अमेरिकन हॉर्न त्यांना सोसेना. म्हणून चिपमधला हॉर्न त्यांनी बंद करून टाकला आणि तेवढा भाग तोंडानं करायला घेतला. गाडी फाटकाशी आली की काका गाल फुगवतात. शेजारच्या घरातलं तान्हं मूल या आवाजावर झोपतं आणि सुट्टीला काका नागपूरला गेले की रडतं.

रुडॉल्फ डीझेल २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लिश खाडी ओलांडताना जहाजावरून नाहीसे झाले. त्या तारखेला काका इंजिनं शेडमध्ये ठेवतात आणि गोड खात नाहीत. त्याच्या बारा दिवस आधी, १७ सप्टेंबरला, विश्वकर्मा पूजा येते. त्या दिवशी अख्खं कोलकाता गच्चीवर पतंग उडवत असतं आणि काका एकेका इंजिनाला हळदकुंकू लावत असतात. पुढं खंडेनवमीला मराठी पद्धतीनं पुन्हा एकदा पूजा होते. ‘‘इंजिन वाराणसीचं, शेड बंगालची, ड्रायव्हर नागपूरचा. कोणाला नाराज करून चालत नाही.’’

घराचा कारभार अर्थात रेल्वेच्या नियमांनी चालतो. दारावर सिग्नल आहे. गाडी सेक्शनमध्ये असेल तर तो लाल असतो आणि पाहुण्याला जिन्यात थांबावं लागतं. काका आतून ओरडतात, ‘‘आउटरला उभे राहा, लाइन क्लिअर नाही!’’ बेसिनचा नळ दुरुस्त करायचा तर दोन दिवस आधी ब्लॉक मागावा लागतो. दुपारच्या चहाची वेळ गीतांजलीवर ठरते. गीतांजलीबद्दल काकांना विशेष ममत्व. १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना मुंबई-हावडा ही गाडी सुरू झाली. सगळी दुसऱ्या वर्गाची, वरचा वर्गच नाही. मराठी मंत्र्यानं टागोरांच्या पुस्तकाचं नाव गाडीला दिलं आणि तिच्यात सगळ्यांना एकाच बाकावर बसवलं. मराठी आणि बंगाली यांच्यामध्ये भाषणांनी जे जमलं नाही ते त्या गाडीनं केलं, असं काकांचं मत आहे. त्या काळी नागपूरच्या आसपास तारा पोचल्या नव्हत्या, हे ते पुढं हळूच जोडतात.

पुण्याहून भाचा आला होता. त्यानं पहिला प्रश्न विचारला, ‘‘मामा, याचा उपयोग काय?’’ कोलकात्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. ज्या शहरातल्या जुन्या बाबूंनी मांजरांची लग्नं वाजतगाजत लावल्याच्या कथा आजही आवडीनं सांगितल्या जातात, तिथं भिंतीवरून रेल्वे नेणारा माणूस काटकसरी ठरतो. काकांच्या रेल्वेला पाड्यानं आपलं मानलं ते असं: कुमारटुलीचा एक मूर्तिकार गंगेची माती आणून देतो, तिचे डोंगर झाले. दुर्गेच्या मुकुटासाठी शोला कोरताना उरलेले तुकडे येतात, त्यांची झाडं झाली. पूजेच्या रोषणाईसाठी चंदननगरचे कारागीर नावाजलेले. त्यांतल्या एकानं तांदळाएवढे दिवे लावून गोंदियाचं यार्ड उजळलं आणि पैसे घेतले नाहीत, फक्त एक फेरी मारून मागितली. फेरी त्याला दिली. भाच्यालाही दिली. तिथंच घोटाळा झाला.

खऱ्या इंजिनाचा वेग ताशी १२० किलोमीटर. तो ८७ नं भागला की सेकंदाला ३८ सेंटिमीटर येतो. काका त्याच्या पलीकडं जात नाहीत, आणि म्हणून नव्या माणसाला गाडी रांगते आहे असं वाटतं. भाच्यानं बटण पूर्ण फिरवलं. गीतांजली पॅसेजमध्ये सुटली, देवघरात घुसली आणि पलीकडून नुसतं इंजिन बाहेर आलं. डबे बाळकृष्णावर पडले होते.

काकांनी चौकशी नेमली. रेल्वे अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात. ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडं असतात, म्हणजे निकाल निःपक्ष लागावा. काकांनीही हे पाळलं. आयुक्त घरातला, पण रेल्वेबाहेरचा हवा. तेव्हा स्वयंपाकघर खात्याच्या काकूंना नेमलं. काकूंनी हात पुसले, देवघरात टॉर्च घेऊन वाकल्या आणि पाच मिनिटांत अहवाल दिला: वेग जास्त होता हे खरं, पण मूळ कारण बोगद्यात रुळावर बसलेली पाल. काकांनी वहीत लिहिलं, ‘जनावर आडवं आलं.’ भाचा सुटला. उपाययोजना म्हणून बोगद्याच्या तोंडाशी मोरपीस टांगलं. डब्यांना एक ओरखडाही नव्हता. बाळकृष्णाच्या मुकुटाचा टवका उडाला होता, पण ती इजा अहवालात ‘किरकोळ’ या रकान्यात गेली.

पुण्यात परतल्यावर भाच्यानं आईला सांगितलं, ‘‘मामा बरे आहेत, पण मामींना जपायला हवं. त्यासुद्धा हे सगळं खरं असल्यासारखं बोलतात.’’

त्याचं निदान बरोबर आहे. अशा माणसाशेजारी तीस-पस्तीस वर्षं काढली की दोनच गोष्टी संभवतात: घटस्फोट किंवा बढती. काकूंना बढती मिळत गेली. लग्नानंतर पहिल्या प्रवासात काकांनी त्यांना खरगपूरला उतरवलं, कारण तिथला फलाट लांबीसाठी जगभर प्रसिद्ध होता. नवरी हिरव्या चुड्यासह तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून गेली. मग डीझेल शेडची भिंत पाहिली. काशीला दोनदा गेले. काकूंनी विश्वनाथ पाहिला, काकांनी कारखान्याचं फाटक. आता तिसऱ्यांदा चला म्हटलं तर काका जात नाहीत. कारखान्यात आता विजेची इंजिनं बनतात, २०२० साली त्याच्या नावातून डीझेल हा शब्दही काढून टाकला. ‘‘ज्या घरातून माणूस गेला तिथं मुक्कामाला कसं जायचं?’’

देशभर ब्रॉडगेजवर तारा जवळपास सगळीकडं पोचल्या. डब्ल्यूडीएम-२ भंगारात गेली. काकांच्या गोंदियाला मात्र अजून एकही खांब नाही. मालकांच्या नातवानं विचारलं, ‘‘इथं वीज कधी येणार?’’ काकांनी उत्तर दिलं, ‘‘प्रस्ताव विचाराधीन आहे.’’ सरकारी वाक्यं ते जन्मभर ऐकत आले आहेत. त्यांचा उपयोग कुठं करायचा हे त्यांना कळतं.

गेल्या दुर्गापूजेला पाड्यातल्या क्लबनं मांडवाची थीम रेल्वे ठरवली आणि डीझेलदांना साकडं घातलं. महाराष्ट्र निवासाच्या गणपतीत एकदा दोन मीटरची फेरी दाखवली होती. इथं वीस मीटर मिळत होते. काका तयार झाले. पण कमिटीची एक अट होती. गाडी म्हटली की धूर पाहिजे.

‘‘धूर आमच्याकडं आहेच,’’ काका म्हणाले. आल्को धुरासाठीच ओळखली जाते. ड्रायव्हरनं एकदम ताकद मागितली की तेल आधी पोचतं आणि हवा फुंकणारा टर्बो मागून वेग घेतो. तेवढ्या वेळात काळाकुट्ट लोट निघतो. जाणकार त्या लोटासाठी कॅमेरे रोखून बसतात. तो मांडवात आणायचा कसा? क्लबच्या पोरांनी एका मिनिटात तोडगा काढला. पूजा म्हटली की धुनुची, म्हणजे धुपाटणं, आहेच. टेबलाखाली एक पोरगा धुनुची घेऊन बसेल, नळी वर स्टार्टर सिग्नलपाशी निघेल, गाडी सुटली की तो फुंकर मारेल.

पंचमीला चाचणी झाली. गाडी सुटली, पोरानं फुंकलं, आणि इंजिनावर सुंदर, दाट, सुगंधी, पांढराशुभ्र धूर उभा राहिला.

‘‘बंद करा!’’ काका किंचाळले. ‘‘पांढरा धूर? म्हणजे आत तेल जळत नाही! हे इंजिन आत्ताच्या आत्ता शेडला गेलं पाहिजे!’’

धुपाचा धूर काळा करणं कमिटीला परवडणारं नव्हतं. देवी समोरच होती. काकांनी नाइलाजानं मान डोलावली. आणि षष्ठीपासून नवमीपर्यंत जे व्हायचं तेच झालं. लाखभर दिव्यांच्या मांडवात गर्दी लोटली, पांढरा धूर निघाला, आणि बायका मुलांना उचलून दाखवू लागल्या, ‘‘ओई द्याख, स्टीम इंजिन!’’

काका चार दिवस टेबलापाशी उभे राहून एकेकाला सांगत होते, हे डीझेल आहे. आवाज बसला. नवमीला ते हॉर्नही देऊ शकले नाहीत, तो काकूंनी दिला. दशमीला विसर्जनाआधी क्लबनं आजूबाजूच्या मांडवांच्या वतीनं पारितोषिकं वाटली. डीझेलदांना लाकडी ढाल मिळाली. वर बंगालीत सोनेरी अक्षरं: सर्वोत्कृष्ट वाफेची रेलगाडी.

ढाल घरी आली. काकांनी ती टेबलावर ठेवली आणि दोन दिवस जेवण टाळलं. काकूंनी आयुक्त या नात्यानं समजूत घातली, ‘‘अहो, तुम्हाला लाल-हिरवं कळत नाही हे मी चालवून घेतलं. त्यांना डीझेल-वाफ कळत नाही, तुम्ही चालवून घ्या ना.’’ काका म्हणाले, ‘‘माझा दोष डॉक्टरांनी लिहून दिला आहे. त्यांचा लिहून आणा.’’

मालक वर आले. त्यांनी चष्मा लावून ढाल वाचली आणि त्यांच्यातला दावेदार जागा झाला. जनरल मोटर्सचा माणूस असला तरी डीझेलच्या अपमानात दोघे एक होते. ‘‘हे सोडायचं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘क्लबला नोटीस द्या. माझा वकील घ्या, त्याला हे घर पाठ आहे.’’

जो वकील काकांना या घरातून काढायला इतकी वर्षं झगडतो आहे, तोच काकांच्या वतीनं वादग्रस्त जागेची पाहणी करायला रविवारी आला. सिग्नल लाल होता, म्हणून जिन्यात थांबला. आत आल्यावर काकांनी त्याच्या हातात यंत्र दिलं, वेगाची मर्यादा समजावली, बोगद्यातली पाल दाखवली, पावणेतीन मिलिमीटरही दाखवले. वकिलानं गोंदियाहून गाडी काढली आणि एकही डबा न पाडता डोंगरगडला नेऊन लावली. मग त्यानं कोट काढून खुर्चीवर टाकला.

क्लबला नोटीस अजून गेलेली नाही. मसुदा चालू आहे. घराच्या दाव्यात पुढची तारीख कुणीच मागत नाही. वकिलानं दोन्ही पक्षांना सांगून टाकलं आहे की फी नको, आपल्याला एक डब्ल्यूडीएम-२ करून द्या. रंग कोणता हवा असं काकांनी विचारलं. तो म्हणाला, कोणताही चालेल. काका त्याला तडक काकूंकडं घेऊन गेले.